बल्बच्या काचेआड कोणता वायू आणि कशासाठी: अकरावीच्या प्रकल्पाच्या नोंदी

२ डिसेंबर

जानेवारीतील विज्ञान प्रदर्शनासाठी अकरावीच्या गटाने विजेच्या बल्बमधील निष्क्रिय वायू हा विषय निवडला असून मार्गदर्शक या नात्याने कामाच्या नोंदी मी ठेवणार आहे. आज पहिल्या बैठकीत प्रत्येकाला एकच प्रश्न लिहून उत्तर देण्यास सांगितले: बल्बमध्ये आर्गनसारखा वायू का भरतात? बहुतेकांचे उत्तर सारखेच आले. हवेतील ऑक्सिजनमुळे टंगस्टनची तार जळून जाईल, निष्क्रिय वायूत ती जळत नाही, म्हणून तो भरतात.

हे उत्तर चुकीचे नाही, पण ते प्रश्नाच्या अर्ध्यावर थांबते. तार जळू नये एवढाच हेतू असता तर बल्बमधील हवा काढून टाकणे पुरेसे होते, आणि ते तंत्र १८७९ मध्ये अमेरिकेत एडिसन आणि इंग्लंडमध्ये जोसेफ स्वान यांनी आपापल्या दिव्यांत वापरलेही होते. त्यानंतर तीस वर्षांहून अधिक काळ साऱ्या कारखान्यांची धडपड निर्वात अधिकाधिक चांगला कसा होईल याचसाठी चालू होती. मग इतक्या कष्टाने रिकाम्या केलेल्या काचेत १९१३ पासून पुन्हा वायू का भरला जाऊ लागला? आमच्या प्रकल्पाचा खरा प्रश्न हा आहे. त्याचे उत्तर शक्य तेथे स्वतःच्या मोजमापातून मिळवायचे, असे ठरले.

५ डिसेंबर

बाजारातून साहित्य आणले. एलईडीमुळे तारेचे बल्ब दुकानाच्या मागच्या फळीवर गेले असले तरी मागितले की मिळतात. पारदर्शक काचेचे ६० आणि १०० वॅटचे बल्ब घेतले, शिवाय देवघरात किंवा जिन्यात रात्रभर लावून ठेवतात तो झिरोचा बल्ब घेतला. झिरो हे नुसते नाव आहे. आमच्या नगावर १५ वॅट असे छापलेले आहे.

भिंग घेऊन तिन्ही बल्ब शेजारी शेजारी पाहिले तेव्हा पहिला फरक तारेच्या मांडणीत दिसला. झिरोच्या बल्बमधील तार लांबलचक असून ती मधल्या काचेच्या दांड्यावरच्या बारीक आकड्यांवरून फिरवून जणू साऱ्या पोकळीत पसरवलेली आहे. ६० आणि १०० वॅटच्या बल्बमध्ये मात्र तार आखडून अगदी थोड्या जागेत बसवलेली आहे: तारेचे बारीक स्प्रिंगसारखे वेटोळे आणि त्या वेटोळ्याचेच पुन्हा एक मोठे वेटोळे. एका मुलीने विचारले की जागा असताना तार एवढी आखडायची कशाला? प्रश्न फार मोलाचा आहे आणि त्याचे उत्तर वायूशी जोडलेले आहे, इतकेच तिला सांगितले. उत्तर तिचे तिला सापडावे.

९ डिसेंबर

आज फिलॅमेंटचे, म्हणजे बल्बमधील तारेचे, तापमान काढले. पद्धत सोपी आहे. टंगस्टनचा विद्युतरोध तापमानाबरोबर वाढतो आणि कोणत्या तापमानाला तो किती पट होतो याचे तक्ते उपलब्ध आहेत. बल्ब थंड असताना मल्टिमीटरने रोध मोजायचा, नंतर डिमरस्टॅटने (व्होल्टेज कमीजास्त करण्याच्या उपकरणाने) बरोबर २३० व्होल्ट देऊन प्रवाह मोजायचा, भागाकाराने तापलेल्या तारेचा रोध काढायचा आणि दोन्हींचे गुणोत्तर तक्त्यात पाहायचे.

झिरोच्या बल्बचा थंड रोध २९० ओहम भरला. पेटल्यावर प्रवाह ६५ मिलिअँपिअर, म्हणजे रोध सुमारे ३,५४० ओहम; गुणोत्तर १२.२. ६० वॅटच्या बल्बचा थंड रोध ६३.५ ओहम आणि तापल्यावर सुमारे ८८५ ओहम, गुणोत्तर १३.९. १०० वॅटच्या बल्बचे गुणोत्तर १४.२ आले. तक्त्याप्रमाणे झिरोच्या बल्बची तार २,४०० केल्व्हिनच्या किंचित खाली, ६० वॅटची २,६०० च्या थोडी वर आणि १०० वॅटची २,७०० च्या जवळ तापते. तारेची टोके आधाराजवळ थंड राहत असल्याने ही सरासरी तापमाने आहेत आणि मधल्या भागाचे तापमान याहून थोडे जास्त असणार. पण तुलनेसाठी एवढे पुरे. डोळ्यांनाही हा फरक दिसतो, कारण झिरोचा उजेड तांबूस पिवळा आहे आणि १०० वॅटचा त्यामानाने बराच पांढरा.

टंगस्टन ३,४२२ अंश सेल्सिअसला, म्हणजे जवळपास ३,७०० केल्व्हिनला वितळतो. तिन्ही तारा त्यापासून हजार अंश किंवा त्याहूनही खाली आहेत. मग झिरोची तारही २,७०० केल्व्हिनपर्यंत का तापवत नाहीत, असा प्रश्न साहजिकच निघाला. जास्त तापवल्यास प्रकाश अधिक मिळतो आणि तो विजेच्या प्रत्येक वॅटमागे अधिक मिळतो, हे तर सर्वांना ठाऊक होते. अडचण वितळण्याची नाही, बाष्पीभवनाची आहे. पांढऱ्या तापाच्या धातूच्या पृष्ठभागावरून अणू सुटत राहतात. निर्वातात तार २,४०० वरून २,६०० केल्व्हिनला नेली तर सुटणाऱ्या अणूंचे प्रमाण सुमारे वीस पट होते. जो बल्ब हजार तास चालला असता तो काही दिवसांतच संपेल.

कार्बनची गोष्ट याच संदर्भात मुलांना सांगितली. कार्बन टंगस्टनपेक्षाही अधिक तापमानापर्यंत घन राहतो, तरी एडिसनच्या कार्बनच्या तारा २,००० केल्व्हिनच्या आसपासच ठेवाव्या लागत, कारण कार्बन त्या तापमानालाही झपाट्याने उडून जातो आणि काच आतून काळी पडते. चांगल्या फिलॅमेंटची कसोटी वितळणबिंदूवर लागत नाही, बाष्पदाबावर, म्हणजे पदार्थाची वाफ किती सहज होते यावर, लागते.

१२ डिसेंबर

हवेत नेमके काय होते ते पाहण्यासाठी २३० व्होल्टचा बल्ब फोडून पेटवण्याचा विचारही करायचा नाही, हे मुलांना आधीच बजावले होते. त्यासाठी मोटारीच्या इंडिकेटरचा १२ व्होल्ट, २१ वॅटचा बल्ब वापरला. तो जाड फडक्यात गुंडाळून बाकावरच्या शिकंज्यात हळूहळू आवळला, काच तडकवून काढून टाकली आणि तार शाबूत असल्याची भिंगातून खात्री केली. सर्वांनी डोळ्यांवर चष्मे लावले होते आणि खिडक्या उघड्या होत्या.

बॅटरी जोडताच तार उजळली, तिच्यातून पांढरा धूर निघाला आणि काही क्षणांत ती तुटली. वर धरलेल्या काचेच्या पट्टीवर पिवळसर पांढरी भुकटी बसली. ती टंगस्टनचे ऑक्साइड आहे. हे ऑक्साइड त्या तापमानाला बाष्परूपाने उडून जाते, तारेवर त्याचे संरक्षक कवच तयार होत नाही, म्हणून खालचा धातू सतत उघडा पडत राहतो. अ‍ॅल्युमिनिअमवर ऑक्साइडचा पातळ थर बसून आतला धातू वाचतो. टंगस्टनच्या वाट्याला ते भाग्य नाही.

१७ डिसेंबर

आर्गन मिळवणे हे काम अवघड वाटत होते, पण कोल्हापुरात ते मुळीच अवघड नाही. उद्यमनगरात स्टेनलेस स्टीलचे काम करणाऱ्या प्रत्येक फॅब्रिकेशनच्या वर्कशॉपमध्ये आर्गन वेल्डिंगचा सिलिंडर उभा असतो. ओळखीच्या एका मालकांनी दुपारच्या सुट्टीत आम्हाला जागा दिली. त्यांनी रेग्युलेटर आणि प्रवाहमापक स्वतः लावून दिले आणि मुलांना म्हणाले, “पाइप बरणीच्या तळाशी धरा पोरांनो, आर्गन हवेपेक्षा जड असतो, तो खालून भरत येतो.” आर्गनची घनता हवेच्या सुमारे १.४ पट असल्याने ही सूचना अगदी रास्त होती.

उंच काचेच्या बरणीत १२ व्होल्टच्या बल्बची उघडी तार खाली सोडली, तोंडावर भोक पाडलेले पुठ्ठ्याचे झाकण ठेवले आणि तळाशी काही मिनिटे आर्गन सोडत राहिलो. बॅटरी जोडली. सुरुवातीला धुराची एक पुसट रेषा निघून थांबली, आणि मग तार उघड्या बरणीत, काचेच्या फुग्याशिवाय, स्थिर पांढऱ्या उजेडाने तळपत राहिली. मुले बराच वेळ काही न बोलता पाहत होती. आम्ही प्रवाह बंद करेपर्यंत तिला काहीही झाले नाही. थंड झाल्यावर तीच तार बाहेर हवेत काढून पुन्हा जोडली तेव्हा ती लगेच धूर सोडून तुटली.

याच मांडणीत प्रयोगशाळेत परतल्यावर कार्बन डायऑक्साइड वापरून पाहिला. खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर यांपासून तो तयार केला आणि कॅल्शिअम क्लोराइडमधून जाऊ देऊन कोरडा केला. बरणीत सोडलेली मेणबत्ती ताबडतोब विझली, त्यामुळे तारही टिकेल असा गटाचा अंदाज होता. तार हवेतल्यापेक्षा जास्त वेळ टिकली खरी, पण ती धुरकटत गेली, एका जागी बारीक झाली आणि तुटली. मेणबत्तीच्या ज्योतीला जो वायू ऑक्सिजन देत नाही, त्याच वायूच्या रेणूतून अडीच हजार अंशांवरचा टंगस्टन ऑक्सिजन हिसकावून घेतो. ज्वलनास मदत न करणारा वायू आणि निष्क्रिय वायू यांतला फरक वर्गात समजावून सांगायला मला नेहमी कठीण जाई. या प्रयोगाने ते काम चांगले केले. बल्बसाठी असा वायू हवा की ज्याच्या अणूंची बाहेरची कक्षा पूर्ण भरलेली असल्याने इतक्या तापमानालाही तो धातूशी संयोग करणार नाही.

मात्र आजच्या प्रयोगाने २ तारखेच्या प्रश्नाचे उत्तर मिळालेले नाही. तार आर्गनमध्ये जळत नाही हे दिसले, पण निर्वातातही ती जळत नाही.

२१ डिसेंबर

आजचा पूर्ण वेळ वाचन आणि चर्चेला दिला, कारण उत्तराचा गाभा इर्विंग लँगम्यूर यांच्या कामात आहे. लँगम्यूर न्यू जर्सीतील होबोकेन येथे रसायनशास्त्र शिकवत होते. १९०९ च्या उन्हाळ्याच्या सुट्टीत ते स्केनेक्टडी येथील जनरल इलेक्ट्रिकच्या संशोधन प्रयोगशाळेत आले आणि तिथेच राहिले. त्याच सुमारास, त्याच प्रयोगशाळेत विल्यम कूलिज यांनी ठिसूळ टंगस्टनपासून लवचिक तार ओढण्याची रीत बसवली होती. नव्या तारेचे दिवे उत्तम होते, पण तेही काळे पडत. कारखान्यातील सर्वांची समजूत अशी होती की आत उरलेला थोडासा वायूच याला कारणीभूत आहे आणि निर्वात आणखी चांगला केला की काळेपणा जाईल.

लँगम्यूर यांनी प्रश्न उलटा धरला. निर्वात आणखी चांगला करणे जवळपास अशक्य होते, म्हणून त्यांनी बल्बमध्ये मुद्दाम एकेक वायू थोडाथोडा सोडून प्रत्येकाचा परिणाम वेगळा पाहिला. दोषाला कारण मानल्या गेलेल्या गोष्टी जाणूनबुजून वाढवायच्या आणि त्यांचा परिणाम कसा बदलतो ते पाहायचे, ही त्यांची विचारपद्धती मला या साऱ्या इतिहासातील सर्वांत शिकण्याजोगी गोष्ट वाटते.

बहुतेक वायूंचा काळेपणाशी काही संबंध निघाला नाही. अपवाद होता पाण्याच्या वाफेचा. वाफेचा रेणू तापलेल्या तारेवर आदळला की ऑक्सिजन टंगस्टनला चिकटतो आणि हायड्रोजनचे सुटे अणू मोकळे होतात. तयार झालेले ऑक्साइड उडून काचेवर बसते. मागोमाग हायड्रोजनचे अणू काचेपर्यंत पोचतात आणि त्या ऑक्साइडमधील ऑक्सिजन काढून घेतात. काचेवर काळा टंगस्टन उरतो, आणि हायड्रोजन-ऑक्सिजन मिळून पुन्हा पाणी तयार होते, जे परत तारेकडे जाते. अशा रीतीने पाण्याचा अगदी सूक्ष्म अंशसुद्धा संपत नाही. तो तारेवरून काचेवर धातू वाहून नेत राहतो. म्हणूनच कारखान्यात काच तापवून तिच्यात मुरलेला ओलावा काढावा लागतो आणि उरलासुरला ओलावा शोषून घेणारे पदार्थ आत ठेवले जातात.

पण ओलावा पूर्ण काढल्यावरही बल्ब काळे पडतच राहिले, आणि त्या काळेपणाचे प्रमाण निव्वळ बाष्पीभवनाच्या वेगाशी जुळत होते. याचा अर्थ निर्वात कितीही परिपूर्ण केला तरी हा दोष जाणार नाही. उलट निर्वातात सुटलेल्या अणूला काचेपर्यंत सरळ मोकळी वाट मिळते. त्या वाटेत वायूचे अणू उभे केले तर? सुटलेला टंगस्टनचा अणू तारेपासून जवळच, अत्यंत थोड्या अंतरावर, वायूच्या अणूवर आदळेल, पुन्हा दुसऱ्यावर आदळेल आणि या धडकाधडकीत बहुतेक अणू तारेवरच परत येऊन बसतील. पंढरपुरात एकादशीला मंदिराच्या दारातून बाहेर पडणारा माणूस गर्दीच्या रेट्याने पुन्हा आत ढकलला जावा, तसे हे होते. बल्बमध्ये वायू भरण्याचे मुख्य कारण हे आहे.

मात्र याची किंमत आहे आणि ती उष्णतेत मोजावी लागते. निर्वातात तार जवळपास केवळ प्रारणाने, म्हणजे प्रकाश आणि उष्णतेच्या किरणांवाटे, उष्णता गमावते. वायू असला की तो तारेला स्पर्श करून उष्णता घेतो आणि काचेकडे नेतो. साध्या सरळ बारीक तारेच्या बल्बमध्ये वायू भरला तर फायद्यापेक्षा तोटाच मोठा होतो. लँगम्यूर यांनी या उष्णतावहनाचा वेगळा अभ्यास १९१२ मध्ये प्रसिद्ध केला. तापलेल्या तारेभोवती काही मिलिमीटर जाडीचा वायूचा जवळपास स्थिर थर असतो आणि उष्णता या थरातून वहनाने बाहेर जाते, असे त्यांनी दाखवले. थराच्या तुलनेत तार फारच बारीक असल्याने तिची जाडी वाढवली तरी वायूत जाणारी उष्णता फारशी वाढत नाही, प्रकाश मात्र पृष्ठभागाच्या प्रमाणात वाढतो. म्हणून जाड तार फायद्याची. पण जाड तारेचा रोध कमी, मग घरातील व्होल्टेजला ती चालायची कशी? तोडगा असा निघाला की बारीक तारेचेच दाट वेटोळे करायचे. विजेच्या दृष्टीने ती लांब बारीक तार राहते, आणि वायूच्या दृष्टीने ती आखूड जाड दांडी होते.

येथे ५ तारखेला प्रश्न विचारणाऱ्या मुलीने स्वतःहून सांगितले की झिरोच्या बल्बमध्ये वायू नसला पाहिजे, म्हणूनच त्याच्या तारेला आखडण्याची गरज पडली नाही. तिचा तर्क तपासण्याची सोय लवकरच करायची आहे.

या शोधाचे पेटंट लँगम्यूर यांना १९१६ मध्ये मिळाले, त्यापूर्वीच १९१३ मध्ये नायट्रोजन भरलेले मोठ्या वॅटचे दिवे बाजारात आले होते. युरोपात त्यांना ‘हाफ-वॅट’ दिवे म्हणत, कारण एका कँडलपॉवरमागे (प्रकाशाच्या तीव्रतेचे जुने एकक) ते सुमारे अर्धा वॅट वीज घेत. दुहेरी वेटोळ्याच्या तारा १९३० च्या दशकात आल्या. लँगम्यूर यांना १९३२ चे रसायनशास्त्राचे नोबेल पृष्ठभागांवरील रसायनासाठी मिळाले, आणि त्या कामाचे मूळ तापलेल्या तारेवर वायू कसे वागतात या दिव्याच्याच अभ्यासात होते.

२६ डिसेंबर

बल्ब पाण्याखाली उघडण्याचा प्रयोग आज केला. पत्र्याची टोपी कानशीने कापून अलगद काढली की आत काचेची एक बारीक नळी बंद केलेली दिसते. कारखान्यात याच नळीतून हवा काढतात, वायू भरतात आणि मग ज्योतीने तिचे तोंड बंद करतात. बल्ब पाण्याच्या बादलीत पूर्ण बुडवून पकडीने त्या नळीचे टोक मोडायचे. आत वायू जितका कमी, तितके पाणी जास्त शिरेल. टोक मी स्वतः मोडले, जाड हातमोजे आणि चष्मा घालून.

६० वॅटच्या बल्बमध्ये पाण्याची बारीक धार आत उडाली आणि थोड्याच वेळात थांबली. आतली आणि बाहेरची पाण्याची पातळी समान करून बल्ब उचलला. आत शिरलेले पाणी २६ मिलिलिटर आणि बल्बची एकूण आतली जागा १४० मिलिलिटर भरली, म्हणजे जागेचा १८ ते १९ टक्के भाग. समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरहून अधिक उंचीवर असलेल्या कोल्हापुरात हवेचा दाब सुमारे ०.९४ अ‍ॅटमॉस्फिअर असतो. त्यावरून बल्बमधील थंड वायूचा दाब सुमारे ०.७६ अ‍ॅटमॉस्फिअर निघतो. कारखान्यांत बल्ब साधारण याच दाबाला भरतात. यामागे हिशेब असा आहे की पेटल्यावर वायू तापून दाब वाढतो आणि तो बाहेरच्या हवेच्या दाबाच्या जवळ येतो, त्यामुळे काचेवर फारसा ताण राहत नाही.

झिरोच्या बल्बचे टोक मोडले तेव्हा पाणी आवाज करत आत घुसले आणि जवळजवळ संपूर्ण बल्ब भरून गेला. वरच्या बाजूला एक इवलासा बुडबुडा तेवढा उरला. मुलीचा तर्क खरा ठरला.

लहान बल्ब निर्वात का ठेवतात, हेही आता नीट सांगता येते. कमी वॅटच्या बल्बची तार फार बारीक असते आणि तिला मिळणाऱ्या थोड्याशा विजेतील मोठा वाटा वायूच नेतो. अमेरिकेतील १२० व्होल्टच्या बल्बांसाठीचे आकडे पाहिले तर १०० वॅटच्या बल्बमध्ये वायूमार्गे सुमारे साडेअकरा टक्के ऊर्जा जाते आणि ४० वॅटच्या बल्बमध्ये सुमारे वीस टक्के. आणखी खाली उतरले की वायूने वाचवलेल्या धातूपेक्षा त्याने नेलेली उष्णता महाग पडते. आपल्याकडे २३० व्होल्ट असल्याने तेवढ्याच वॅटसाठी तार अधिक लांब आणि अधिक बारीक करावी लागते आणि तोटा आणखी वाढतो. ६० वॅटचा बल्ब तिकडे साडेआठशे ल्यूमेनच्या (प्रकाश मोजण्याचे एकक) आसपास प्रकाश देतो, २३० व्होल्टवर तो सातशेच्या आसपास देतो. या फरकात वायूकडे जाणाऱ्या उष्णतेचा वाटा बराच आहे.

३० डिसेंबर

प्रदर्शनात मांडण्यासाठी मुलांनी घरोघरचे आणि गोठ्यांतले उडालेले बल्ब गोळा करून आणले. ते ओळीने ठेवल्यावर काळेपणाच्या जागा स्पष्ट दिसल्या. झिरोच्या जुन्या बल्बमध्ये काच सगळीकडे सारखीच धुरकट झाली आहे. छताला लटकत असलेल्या ६० आणि १०० वॅटच्या बल्बमध्ये मात्र खालचा गोल भाग बराच स्वच्छ आहे आणि टोपीजवळच्या मानेत काळा पट्टा जमला आहे. वायू तापून वर चढतो आणि तारेपासून सुटून निसटलेले अणू त्या प्रवाहाबरोबर वर जाऊन बसतात. देवघरातल्या भिंतीवर टोपी खाली करून उभा लावलेला एक ४० वॅटचा बल्ब आहे, त्याच्या घुमटाच्या माथ्यावर डाग आहे. हा उभा बल्ब आणि एक लटकता बल्ब प्रदर्शनात शेजारी ठेवावेत, असे मी सुचवले. वायूचा हा आणखी एक लाभ आहे: लटकत्या बल्बमध्ये काळेपणा अशा जागी साठतो जिथे तो प्रकाशाला कमी अडवतो.

तुटलेल्या तारांची टोकेही भिंगातून पाहिली. बहुतेक तारा एका ठिकाणी झिजून बारीक झालेल्या होत्या. तार कुठेतरी किंचित बारीक असली की तिथे रोध जास्त, म्हणून तापमान जास्त, म्हणून बाष्पीभवन जास्त, म्हणून ती आणखी बारीक. शेवटी एखाद्या संध्याकाळी बटण दाबताच, थंड तारेतून पहिल्या क्षणी नेहमीच्या चौदा पटींच्या आसपास प्रवाह धावतो तेव्हा, ती तिथेच तुटते.

२ जानेवारी

आता कोणता वायू, हा प्रश्न. नायट्रोजन स्वस्त असून आर्गन का? आर्गन जड आहे (अणुभार ४०, नायट्रोजनच्या रेणूचा भार २८), त्याच्यातून टंगस्टनचे अणू अधिक हळू पसरतात, आणि त्याची उष्णतावाहकता नायट्रोजनपेक्षा सुमारे तीस टक्क्यांनी कमी आहे. शिवाय नायट्रोजन पूर्णपणे अलिप्त नाही. तारेवरून सुटलेल्या टंगस्टनच्या अणूंशी तो संयोग करून तपकिरी नायट्राइड बनवतो. रॅले आणि रॅम्से यांनी १८९४ मध्ये हवेत आर्गन शोधला. हवेत तो ०.९३ टक्के आहे, म्हणजे बराच आहे, आणि हवा द्रवरूप करून ऑक्सिजन वेगळा करण्याचा उद्योग वाढला तसा तो दिव्यांसाठी परवडू लागला.

तरीही २३० व्होल्टच्या बल्बमध्ये निव्वळ आर्गन भरत नाहीत, पाच ते पंधरा टक्क्यांच्या दरम्यान नायट्रोजन मिसळतात. एकाणू आर्गनमध्ये मोकळे इलेक्ट्रॉन धडकांत फारशी ऊर्जा न गमावता वेग घेतात आणि तारेच्या दोन टोकांमध्ये ठिणगीची कमान पेटू शकते. नायट्रोजनच्या रेणूला कंपने आणि फिरणे शक्य असल्याने तो इलेक्ट्रॉनांची ऊर्जा शोषत राहतो आणि कमान दबते. तार तुटतानाच्या क्षणी तरीही कमान पेटलीच तर ती मोठा प्रवाह ओढते. बल्ब उडाला की कधीकधी घरातला एमसीबीही (प्रवाह जास्त झाल्यास वीज तोडणारे बटण) पडतो, त्याचे कारण हे आहे. म्हणून चांगल्या बल्बच्या आतल्या जोडतारेत एक बारीक फ्यूज असतो.

आर्गनपेक्षा जड क्रिप्टॉन आणि झेनॉन १८९८ मध्ये रॅम्से आणि ट्रॅव्हर्स यांना सापडले. क्रिप्टॉनची उष्णतावाहकता आर्गनच्या जवळपास निम्मी आणि झेनॉनची एक-तृतीयांशाहूनही कमी. बल्बसाठी क्रिप्टॉन उत्तम आहे हे सिद्ध करून त्याचा दिवा बनवण्याचे काम बुडापेस्टमध्ये टंग्स्राम कंपनीतील भौतिकशास्त्रज्ञ इम्रे ब्रोडी यांनी १९३० मध्ये केले. अडचण होती ती मिळवण्याची: दहा लाख लिटर हवेत क्रिप्टॉन जेमतेम एक लिटरभर. तरी हंगेरीतील आयका येथे १९३७ मध्ये त्याचा कारखाना उभा राहिला. ब्रोडी ज्यू होते. १९४४ मध्ये नाझींच्या छळछावणीत त्यांचा मृत्यू झाला. मुलांनी बनवलेल्या भित्तिपत्रकात लँगम्यूर यांच्या शेजारी ब्रोडी यांचे नाव तेवढ्याच ठळक अक्षरात यावे, असा आग्रह मी धरला आहे.

४ जानेवारी

हॅलोजन बल्बची नोंद थोडक्यात. त्यातही आर्गन, क्रिप्टॉन किंवा झेनॉन असतोच, पण शिवाय आयोडीन किंवा ब्रोमीनचा थोडा अंश असतो. तो काचेजवळ पोचलेल्या टंगस्टनशी संयोग करून त्याला बाष्परूपात परत तारेजवळ नेतो आणि तिथल्या तापमानाला सोडून देतो. म्हणून काच तापलेली राहावी लागते, आणि ती लहान, जाड, क्वार्ट्झची असल्याने आत वायूचा दाब कित्येक अ‍ॅटमॉस्फिअर ठेवता येतो. दाब वाढला की बाष्पीभवन आणखी दबते. फायद्याचा मोठा भाग या दाबाचाही आहे, हे पुस्तकांत क्वचितच सांगितलेले असते.

शेवटचा नमुना एका विद्यार्थ्याने हॉटेलमधल्या सजावटीच्या दिव्यांतून आणला: पारदर्शक काचेत पिवळ्या काड्या दिसणारा एलईडी फिलॅमेंटचा बल्ब. त्यातही निष्क्रिय वायू असतो, पण तो असतो हेलिअम, ज्याला तारेच्या बल्बमध्ये कुणीही जागा दिली नसती, कारण त्याची उष्णतावाहकता आर्गनच्या आठ पटींहून अधिक आहे. एलईडीचे तारेच्या उलट आहे. ती तापली की तिचा प्रकाश आणि आयुष्य दोन्ही घटतात. हेलिअम तिची उष्णता चटकन काचेकडे पोचवतो. प्रदर्शनाच्या टेबलावर झिरो, ६० वॅट आणि एलईडी फिलॅमेंट हे तीन बल्ब या क्रमाने ठेवायचे आणि प्रत्येकाखाली फक्त आतल्या वायूचे नाव व त्याची उष्णतावाहकता लिहायची, असे गटाने ठरवले आहे. झिरोच्या खाली ‘निर्वात’ असे लिहायचे. पाटीवर आणखी काही लिहायचे नाही. पाहणाऱ्यांनी प्रश्न विचारावेत आणि उत्तर मुलांनी द्यावे.